शाळांची तुलना की पालकांची?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कात्रजच्या बाजूस राहणारे एक परिचित गृहस्थ आमच्याकडे एक वही घेऊन आले. गृहस्थ मालवाहू टेम्पो चालवितात. शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबलेले. त्यांची कन्या महापालिकेच्या शाळेतून सातवी उत्तीर्ण झाली होती, आणि आठवीसाठी तिला कोणत्या माध्यमिक शाळेत घालावे हा प्रश्न त्यांच्या घरात महिनाभर खदखदत होता. वहीत त्यांनी पट्टीने रेघा ओढून तीन उभे रकाने पाडले होते. पहिल्यात महापालिकेची माध्यमिक शाळा, दुसऱ्यात एका जुन्या संस्थेची अनुदानित मराठी शाळा, आणि तिसऱ्यात घाटाच्या अंगास अलीकडे उभी राहिलेली विनाअनुदानित इंग्रजी शाळा. आडव्या ओळींत दहावीचा निकाल, वर्षाची फी, माध्यम, बसचे भाडे व इमारत अशी बाबवार नोंद केलेली होती. इतकी स्वच्छ सारणी आम्हांस कित्येक प्रबंधांतूनही पाहावयास मिळालेली नाही.

‘‘सर, यांतली चांगली कोणती, तेवढे सांगा,’’ ते म्हणाले. आम्ही चहा मागविला, वही उलटसुलट पाहिली, चष्मा पुसला. परंतु आम्हांस उत्तर देता आले नाही. अध्यापनात ज्याची तीस वर्षे गेली त्याची ही स्थिती! त्या दिवसापासून या विषयाने आमचा पिच्छा पुरविला आहे, आणि विचारांती आमचे मत असे बनले आहे की, आपल्याकडे शाळांची तुलना म्हणून जी काही चालते ती वस्तुतः शाळांची तुलनाच नव्हे. ती पालकांची तुलना आहे. आणि तिच्यात जो हरतो त्यास ‘तू निवड चुकलास’ असे वर ऐकविले जाते.

प्रथम निकालाचा टक्का घेऊ. कारण शाळातुलनेच्या देव्हाऱ्यातील मुख्य देव तोच. महाराष्ट्राचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के लागला. 2019 साली तो 77.10 वर उतरला. 2020 साली पुन्हा 95.30 वर चढला, आणि 2021 साली तर, महामारीमुळे परीक्षाच झाली नाही, त्या वर्षी 99.95 टक्के मुले उत्तीर्ण झाली. आता आमच्या वाचकांस आम्ही असे विचारतो की, 2019 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील समस्त शिक्षक एकाएकी मंदबुद्धी झाले आणि पुढील वर्षी पुनश्च शहाणे झाले, असे का समजावयाचे? घडले ते एवढेच की, भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातचे वीस गुण त्या एका वर्षी काढून घेण्यात आले, अभ्यासक्रमही नवा होता. गुण परत देताच टक्का परत आला. ज्या काट्याचे वजन मंडळाच्या एका परिपत्रकाने बारा-अठरा अंशांनी हलते, त्या काट्यावर एक शाळा 96 ची आणि दुसरी 92 ची म्हणून पालकांनी मुलाचे भवितव्य तोलावे काय?

परंतु याहूनही मोठी गोम निराळीच आहे. ‘शंभर टक्के निकाल’ हा फलक ज्या शाळेच्या दाराशी लागतो तेथे शंभरांचा छेद कोणता, हे कोणी विचारीत नाही. नववीत कच्ची ठरलेली मुले पुष्कळ ठिकाणी दहावीच्या वर्गापर्यंत येऊच दिली जात नाहीत. पालकांस बोलावून गोड शब्दांत सांगितले जाते की, मुलास दाखला काढून द्यावा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसवावे. सतरा नंबरचा फॉर्म ही मूळची सोय मोठी दयाळू. काही कारणाने ज्याची शाळा सुटली त्यास परीक्षेचे दार उघडे राहावे म्हणून ती केलेली. तिचाच उपयोग शाळेच्या दारातून दुबळ्या मुलास बाहेर काढण्यासाठी व्हावा, हा विपर्यास आपल्या डोळ्यांदेखत चालला आहे. ज्या वैद्याने आपले अत्यवस्थ रोगी आदल्या रात्री शेजारच्या गावी पोचवून द्यावेत आणि सकाळी ‘आमच्या हातून कोणी दगावला नाही’ अशी पाटी लावावी, त्या वैद्याला आपण काय म्हणू? उलटपक्षी, जी महापालिकेची शाळा अशा मुलास नाकारू शकत नाही, जिच्यात ऊसतोडीच्या किंवा बांधकामाच्या हंगामाबरोबर मुले येतात आणि जातात, तिचा टक्का स्वाभाविकच खाली राहतो. आणि हा खालचा टक्का तिच्या कपाळी नालायकीचा डाग म्हणून मिरविला जातो. आमच्या मते तो पुष्कळदा तिच्या दयाबुद्धीचा पुरावा असतो.

ही गोष्ट आपल्याच देशात घडते असे नाही. इंग्लंडात 1992 सालापासून शाळांच्या निकालांचे तक्ते सरकार प्रसिद्ध करू लागले. परिणाम असा की, वरच्या शाळांच्या आसपास घरांचे भाव वाढले आणि ज्यांच्या खिशात पैसा होता ते तेथे राहावयास गेले. वेल्सने हे तक्ते 2001 साली बंद केले. इंग्लंडने पुढे मूल आले तेव्हा कोठे होते आणि गेले तेव्हा कोठे पोचले, ही प्रगती मोजण्याचा प्रयत्न केला. म्हणजे अनुभवांती त्यांस कळले की नुसता शेवटचा आकडा शाळेविषयी फारसे सांगत नाही. अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या 1966 च्या अहवालाने तर त्याही आधी दाखवून दिले होते की, मुलांच्या यशापयशात शाळांतील साधनसामग्रीच्या फरकापेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असतो. आपण मात्र अजून पाटीवरच्या आकड्यास नमस्कार करीत आहोत.

वहीतील दुसरी ओळ फीची. तिच्यासंबंधी आमच्या गृहस्थांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘‘ज्या शाळेची फी जास्त तिथे शिकवत पण चांगलेच असतील, नाहीतर एवढी फी कोण देईल?’’ हा तर्क भोळा वाटतो. पण शहरातील सुशिक्षित मंडळी याहून वेगळा तर्क करीत नाहीत, फक्त तो इंग्रजीत करतात. फी ही शिक्षकाच्या हाती पोचते असे गृहीत धरल्याखेरीज हा तर्क उभा राहत नाही, आणि कित्येक विनाअनुदानित शाळांत ती तशी पोचत नाही, हे त्या शाळांतील शिक्षक आपल्या मित्रांजवळ खाजगीत सांगतात. फीनियमनाचा कायदा राज्याने 2011 साली केला, स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा कायदा 2012 साली. पहिल्याने फीला लगाम घालावयाचा आणि दुसऱ्याने फीवर जगणाऱ्या शाळांस मोकळे रान द्यावयाचे, असा हा दुहेरी व्यवहार. माध्यमाविषयी येथे आम्ही लिहीत नाही. त्या वादावर आजवर इतकी शाई सांडली आहे की आणखी चार थेंबांनी काही उजळावयाचे नाही. एवढेच म्हणतो की, मराठी शाळेचे गोडवे व्यासपीठावरून गाणाऱ्यांनी आपले नातू कोठे शिकतात हे त्याच व्यासपीठावरून सांगण्याचा प्रघात पाडावा. इमारतीविषयी तर बोलणेच नको. काचेची तावदाने शिकवीत नाहीत.

मग तुलना करूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. त्या सायंकाळी आम्ही गृहस्थांच्या वहीत एक कोरे पान काढले आणि दोघांनी मिळून नव्या ओळी लिहिल्या. त्या येथे थोड्या विस्ताराने सांगतो, कारण हेच या विषयाचे मर्म आहे. पहिली ओळ: तीन वर्षांपूर्वी या शाळेच्या आठवीत किती मुले होती, आणि यंदा त्यांतील किती दहावीच्या परीक्षेस बसली? साठ होती आणि अठ्ठावन्न बसली, तर ती शाळा मुलांस धरून ठेवते. साठ होती आणि एकेचाळीस बसली, तर शंभर टक्क्यांचा फलक कितीही मोठा असो, एकोणीस मुलांचे काय झाले ते विचारल्याशिवाय त्या शाळेच्या पायरीवर चढू नये. हा आकडा हजेरीपत्रकात असतो. तो गुप्त नाही, फक्त कोणी मागत नाही. दुसरी ओळ: गणित व विज्ञान कोण शिकवितो, त्या विषयाची पदवी त्याच्याजवळ आहे काय, आणि तो या शाळेत किती वर्षे आहे? येथे शासनाचे पाप उघडे पडते. मे 2012 मध्ये राज्यात शिक्षकभरती थांबविण्यात आली. 2017 च्या अखेरीस अभियोग्यता चाचणी झाली आणि ‘पवित्र’ नावाच्या प्रणालीतून पुढे भरती सुरू झाली. मधल्या काळात जे निवृत्त झाले त्यांच्या जागी कित्येक अनुदानित शाळांत कोणी आलेच नाही. इतिहासाच्या शिक्षकाने प्रकाशाचे परावर्तन शिकवावे आणि चित्रकलेच्या शिक्षकाने बीजगणित, अशी वेळ आली. नवा येतो तोही प्रथम तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून येतो. ही योजना 2000 सालची. माध्यमिक शाळेतील शिक्षणसेवकास 2023 च्या आधी महिना आठ हजार रुपये मानधन होते. त्या वर्षी ते अठरा हजार झाले. आमच्या गृहस्थांस टेम्पोवरच्या मदतनिसाला याहून थोडेच कमी द्यावे लागते, असे त्यांनी सांगितले, आणि आम्ही गप्प बसलो.

तिसरी ओळ प्रयोगशाळेची. तेथे जाऊन बाटल्यांवरची धूळ पाहावी. धूळ खोटे बोलत नाही. चौथी ओळ मुलींच्या स्वच्छतागृहाची, आणि तेथे पाणी दुपारी दोन वाजता असते की नाही याची. सकाळी सर्वत्र असते. पाचवी ओळ गृहस्थांनी स्वतः सुचविली, आणि ती आम्हांस सुचली नसती. ते म्हणाले, ‘‘सर, शाळा सुटताना गेटवर उभे राहून बघतो. मास्तर पोरांच्या आधी निघतो का नंतर.’’

परंतु असे चांगले प्रश्न शिकविल्याने आमचे समाधान झालेले नाही. आणि येथेच आमचा त्या पक्षाशी मुख्य वाद आहे, जो म्हणतो की पालकांस पुरेशी माहिती द्या, निवडीचे स्वातंत्र्य द्या, म्हणजे स्पर्धेने शाळा आपोआप सुधारतील. ही कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 साली मांडली आणि आपल्याकडे ती आता जणू स्वयंसिद्ध सत्य होऊन बसली आहे. तिला उत्तर अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 सालीच दिले होते. संस्था बिघडली की माणसापुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आत राहून ओरडणे. शाळा बिघडली की सर्वांत आधी बाहेर पडतो तो गुणाविषयी सर्वांत दक्ष असलेला पालक. म्हणजे ज्याच्या ओरडण्याचा उपयोग झाला असता तोच. मागे उरतात ते ज्यांस अर्ज लिहिता येत नाही, किंवा ज्यांचा एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची चूल पेटत नाही. हॉटेलातील भजी वाईट निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या हॉटेलात जाते आणि पहिले सुधारते किंवा बंद पडते. पण मुलीची नववी एकदाच येते. शाळा सुधारेपर्यंत किंवा बंद पडेपर्यंत तिच्यात बसलेल्या मुलींनी काय करावे, याचे उत्तर स्पर्धावाद्यांच्या ग्रंथांत आम्हांस सापडले नाही.

कात्रजच्या रस्त्यावर सकाळी साडेसहास उभे राहिले म्हणजे या निवडीचे दृश्य स्वरूप दिसते. पिवळ्या बसगाड्या, दहा-दहा मुले कोंबलेल्या रिक्षा आणि व्हॅन घाटाखालून स्वारगेटच्या दिशेने निघतात. अकरा-बारा वर्षांची मुले डोळे चोळीत शहराच्या पेठांकडे वाहिली जातात. आम्हांस ते पाहून नेहमी कात्रजच्या तलावाची आठवण होते. सन 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत तेथे पाणी अडवून बांधीव नळाने ते शहरातील हौदांपर्यंत आणले गेले. त्या वेळी पाणी गेले, आता मुले जातात. ‘एका उगमाचे पाणी सर्वांस’ असे म्हणून या उपमेत रमण्याचा मोह आम्हांसही झाला होता. परंतु त्या पाण्यावर सर्वांचा हक्क होता असे समजणे म्हणजे इतिहासाशी बेइमानी. शहरातील हौद अस्पृश्यांस बंद होते म्हणूनच जोतीरावांना 1868 साली आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी उघडावा लागला. त्याच जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सांगितले की, सरकारी तिजोरीत भर शेतकरी घालतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली त्यासाठी विधेयक आणले आणि 1912 साली ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले.

सक्तीचा व मोफत शिक्षणाचा हक्क अखेर 2009 साली कायद्यात आला आणि 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. पण तो कोठवर? वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्याकडे माध्यमिक शाळा आठवीपासून दहावीपर्यंत. म्हणजे ज्या शाळेची तुलना आपण करीत आहोत तिच्या तीन वर्षांपैकी एकच वर्ष हक्काचे. पुणे महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात; माध्यमिक शाळा त्या मानाने थोड्या. मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही कात्रजला लागून असलेली गावे 2021 साली महापालिकेत आली; कर भराव्या लागणाऱ्यांची संख्या एका दिवसात वाढली, माध्यमिक शाळांची वाढली नाही. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागांचेही तेच. सोडतीत नाव लागून पहिलीत गेलेले मूल आठ वर्षे शेजारच्याच बाकावर बसते, आणि नववीच्या उंबरठ्यावर त्याच्या बापाच्या हाती पूर्ण फीचे पत्रक पडते. मूल तेच, शाळा तीच, बाक तोच. फक्त वय एका वर्षाने वाढले हा त्याचा अपराध. फेब्रुवारी 2024 मध्ये तर शासनाने असा नियम केला की, खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेस या पंचवीस टक्क्यांतून सूट मिळावी. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैत तो नियम रद्द केला, हे योग्यच झाले.

तथापि त्या नियमामागचे एक वाक्य आम्हांस विचारार्ह वाटते: जवळ सार्वजनिक शाळा असता मुलाने दूर का जावे? खरेच, का जावे? कोठारी आयोगाने 1966 साली हेच सांगितले होते. ज्यांनी पुढे पुण्यातच आपल्या संस्थेचे काम चालविले ते जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. शेजारशाळेची त्यांची कल्पना मात्र अशी होती की, त्या परिसरातील सर्वांची मुले तेथे जावीत. मोटारमालकाची व मोलकरणीचीही. शासनाने वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला, आणि तोही फक्त गरिबांस लागू केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये आदेश दिला होता की, सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी शाळांत घालावीत. तो आदेश कागदावरच राहिला. तो अंमलात आला असता तर विज्ञानशिक्षकाची जागा आठ दिवसही रिकामी राहिली नसती, असे आम्हांस निश्चित वाटते.

येथे आम्हांस एक कबुली देणे भाग आहे. आम्ही अनुदानित महाविद्यालयात शिकवितो. आमचे वेतन सार्वजनिक तिजोरीतून येते. आमच्या चिरंजीवास माध्यमिक शाळेत घालण्याची वेळ आली तेव्हा घरापासून सात मिनिटांच्या अंतरावर अनुदानित शाळा होती. आम्ही तिच्यात एकदाही डोकावलो नाही. त्यास घेऊन आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकास गेलो, मुलाखतीस बसलो. बापाने ‘प्राध्यापक’ म्हणताच तेथील बाईंच्या मुद्रेवर जे समाधान उमटले ते आजही आठवते. मुलास प्रवेश त्याच्या गुणांवर मिळाला असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. कायद्याने पुढे अशा मुलाखतींस मनाई केली. त्या सात मिनिटांवरच्या शाळेच्या तुकड्या नंतर एकामागून एक कमी झाल्या. आमचा एक मुलगा तेथे असता म्हणून त्या टिकल्या असत्या असे नव्हे. पण आमच्यासारख्या पन्नास घरांनी असेच केले होते, आणि नंतर त्याच पन्नास घरांतून ‘मराठी शाळांचे काय होणार’ या विषयावर उत्तम लेख निघाले. त्यांतील दोन आमचे होते.

म्हणून त्या गृहस्थांस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, आणि आम्ही केला नाही. ते तिन्ही शाळांत जाऊन आले. इंग्रजी शाळेच्या कार्यालयात आठवी-दहावीच्या पटाचा प्रश्न विचारताच ‘अशी माहिती देत नाही’ असे उत्तर मिळाले. अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांनी हजेरीपत्रक स्वतः काढून दाखविले: बावन्नांपैकी एकोणपन्नास परीक्षेस बसली होती. पण विज्ञानाची जागा दोन वर्षे रिकामी होती, हेही त्यांनीच सांगितले. महापालिकेच्या शाळेत विज्ञानाच्या बाई होत्या, पंधरा वर्षे होत्या, आणि शाळा सुटल्यावर शेवटच्या मुलीनंतर निघत होत्या. वर्गात मात्र एकाहत्तर मुले होती.

कन्येस त्यांनी महापालिकेच्या शाळेतच घातले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आमच्याकडे आले ते वही न घेता. आठवीची तुकडी फोडून दुसरा शिक्षक द्यावा, असा महापालिकेच्या शिक्षण विभागास अर्ज करावयाचा होता. मसुदा आम्ही लिहून दिला. खाली तेवीस पालकांच्या सह्या आणि चार अंगठे आहेत. दोन स्मरणपत्रे गेली, उत्तर अद्याप आलेले नाही. तिसऱ्या पत्रावर आमचीही सही घ्यावी काय, असे त्यांनी परवा विचारले. आमचे मूल त्या शाळेत नाही, असे आम्ही म्हणालो. ‘‘कर तर तुम्ही पण भरता ना सर,’’ ते म्हणाले, आणि पेन पुढे केले.